काहीच घडत नाही, तरी मूल हलत नाही

लहान मुलांसाठी चित्रपट काढायचा म्हटला की काही गोष्टी गृहीतच धरल्या जातात. एक दुष्ट पात्र हवे, त्याने काहीतरी पळवायला हवे, ते परत आणण्यासाठी धावपळ हवी, दर दहा मिनिटांनी गाणे हवे, आणि नायकाच्या खांद्यावर बसून अखंड बडबड करणारा एखादा प्राणी तर हवाच हवा. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या 'तोनारी नो तोतोरो', म्हणजे 'शेजारचा तोतोरो', या चित्रपटात यांपैकी जवळपास काहीही नाही. त्यात खलनायक नाही, लढाई नाही, शेवटी शिकवलेला धडा नाही. ज्याच्या नावाने चित्रपट ओळखला जातो, तो प्राणी डरकाळीपलीकडे तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि पडद्यावर नीट दिसतो तोच मुळी सुमारे अर्ध्या तासानंतर. तरीही तीन-चार वर्षांची मुले हा ८६ मिनिटांचा चित्रपट जागचे न हलता पाहतात आणि संपला की पुन्हा लावायला सांगतात. असे का होते, हे समजून घ्यायचे तर चित्रपट थोडा उसवून आतली शिवण पाहावी लागते.

गोष्ट दोन ओळींत सांगता येते. साधारण १९५० च्या दशकातला काळ आहे. सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेई या दोघी वडिलांबरोबर टोकियोजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, कारण त्यांची आई जवळच्या रुग्णालयात दीर्घ आजाराने पडून आहे. घरामागे एक प्रचंड कापराचे झाड आहे आणि त्या झाडाच्या पोटात तोतोरो राहतो. मुलींची आणि त्याची तीन-चार वेळा गाठ पडते, मध्येच मेई हरवते, ती सापडते, आणि चित्रपट संपतो.

माझी भाची चार वर्षांची असताना जुलैतल्या एका पावसाळी दुपारी मी तिला हा चित्रपट लावून दिला, तेव्हा भाषेचा पर्याय बदलायचे माझ्याकडून राहून गेले. संवाद जपानी, खाली अक्षरे इंग्रजी, आणि तिला दोन्हींतले काही येत नव्हते. चूक माझ्या लक्षात येईपर्यंत वीस मिनिटे गेली होती आणि तिने एकदाही तक्रार केली नव्हती. मी भाषा बदलू लागलो तर हात झटकून म्हणाली, "मामा, मध्ये मध्ये नको ना करू." तेव्हापासून मला हा प्रश्न पडला आहे की शब्द वगळले तरी या चित्रपटात मुलाला पुरेल असे नेमके काय उरते.

पहिले उत्तर चित्रपटाच्या सुरुवातीलाच मिळते. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी पहिली बरीच मिनिटे केवळ घर पाहण्यात घालवली आहेत. सामान घेऊन टेम्पो येतो, मुली उतरतात आणि धावत सुटतात. ओसरीचा कुजलेला खांब हलवून पाहतात, आता घर पडणार म्हणून खिदळतात, छपरातून पडलेली ओकची टोपीवाली बी उचलतात, मागचे दार उघडतात, हापसा हलवून पाहतात. मोठ्या माणसाच्या दृष्टीने ही कथेची पूर्वतयारी झाली, आणि मोठ्यांसाठीच्या चित्रपटात ती दोन दृश्यांत उरकली असती. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र नवे घर हीच कथा असते. नव्या घरात गेल्यावर मूल सगळी दारे उघडते, न्हाणीघरात आवाज घुमतो का ते ओरडून पाहते, जिना कुठे आहे ते शोधते. मियाझाकी यांनी मुलाचे हे काम पूर्ण होऊ दिले, त्याला घाई केली नाही.

याच भागात काजळीचे जीव येतात. मुली अंधाऱ्या मोरीचे दार उघडतात आणि शेकडो काळे गोंडे सळसळत भिंतींच्या फटींत पळून जातात. घाबरून त्या वडिलांना विचारतात. वडील विद्यापीठात शिकवणारे, अभ्यासू गृहस्थ आहेत. ते सांगतात की उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांपुढे असे काळे दिसते. थोड्या वेळाने शेजारची आजी सांगते की ते ओसाड घरात राहणारे काजळीचे जीव आहेत, माणसे राहायला आली की निघून जातात, आणि लहानपणी तिलाही ते दिसायचे. चित्रपट यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे ठरवत नाही. एका घरात विज्ञानाचे आणि आजीचे अशी दोन उत्तरे शेजारी शेजारी सुखाने नांदतात, आणि मुलाला त्यात काहीच अडचण वाटत नाही. वाटते ती आपल्याला.

आता थोडे तंत्राकडे वळू, कारण या चित्रपटाची अर्धी जादू तिथे आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे पडद्यावरून जातात आणि आपला डोळा ती जोडून हालचाल पाहतो. ८६ मिनिटांचा हिशेब केला तर ही चित्रे १,२३,८४० होतात. हाताने काढायच्या चित्रपटात प्रत्येकासाठी वेगळे चित्र काढणे कोणालाच परवडत नाही. म्हणून एक चित्र सलग दोन किंवा तीन चौकटींसाठी वापरतात. दोनांचा हिशेब धरला तर सेकंदाला १२ चित्रे लागतात, तीनांचा धरला तर ८. जपानी अॅनिमेशन काटकसरीच्या गरजेतून तीनांवर वाढले, आणि पुष्कळदा पात्राचे फक्त ओठ हलवून बाकीचे चित्र तसेच ठेवण्यावरही. त्यामुळे चित्रकारापुढे खरा प्रश्न असतो तो चित्रे कुठे खर्च करायची याचा.

मियाझाकी यांनी ती मेईच्या अंगावर खर्च केली. मेई जिना चढते ती हातापायांवर, रांगत, प्रत्येक पायरीवर गुडघा टेकत. ती धावते तेव्हा तिचे डोके पुढे जाते आणि पाय मागून येतात, त्यामुळे ती आता पडेल असे सतत वाटत राहते. काजळीचा जीव पकडायला ती दोन्ही तळवे असे जोरात आपटते की स्वतःच दचकते, आणि मग मूठ उघडून पाहते तर हात नुसते काळे झालेले असतात. ती खाली वाकत नाही, उकिडवी बसते, कारण त्या वयात वाकण्यापेक्षा बसणे सोपे असते. ज्यांच्या घरात त्या वयाचे मूल आहे त्यांना हे पाहताना हसू फुटते, आणि ते विनोदाचे हसू नसते. ओळखीचे असते. मुलाचे तर त्याहून पुढचे होते. पडद्यावर चाललेली मुलगी आपल्यासारखी चालते आहे, हे त्याला शब्दांवाचून कळते.

चित्रे काढण्याची तेव्हाची पद्धत आज जवळपास इतिहासजमा झाली आहे. पात्राची पेन्सिलीने काढलेली रेघ 'सेल' नावाच्या पारदर्शक पातळ तावावर उतरवत, त्याच्या मागच्या बाजूने रंग भरत, आणि तो ताव रंगवलेल्या पार्श्वचित्रावर ठेवून कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपत. पात्र हलते आणि पार्श्वचित्र स्थिर असते, म्हणून या दोन थरांची जात वेगळी दिसण्याचा धोका कायम असतो. पात्र जणू देखाव्यावर चिकटवल्यासारखे वाटते. या चित्रपटात पात्रांच्या कडेची रेघ नेहमीच्या काळ्या रंगाऐवजी गडद तपकिरी ठेवली आहे. एवढ्याशा बदलामुळे मुली त्या हिरव्या-मातकट शेतशिवारात रुतून बसतात. पाहताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि येऊ नये अशीच ती योजना आहे.

ती पार्श्वचित्रे रंगवून घेण्याची जबाबदारी कला दिग्दर्शक काझुओ ओगा यांच्याकडे होती. त्यांच्या चित्रांत 'झाडे' नसतात, अमुक एक झाड असते. बांधावरचे गवत वेगळे, ओढ्याकाठचे वेगळे, पायवाटेच्या मधोमध चाकोरी चुकवून वाढलेले वेगळे. सकाळचे ऊन, भर दुपारचे ऊन आणि पाऊस येण्याआधीचे पिवळट ऊन यांत घोळ होत नाही. हा परिसर टोकियो आणि साइतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्यांवरून सुचलेला आहे. शहर वाढत जाऊन त्या टेकड्यांवरची जंगले तुकड्यातुकड्याने विकली जाऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून जमीन विकत घेण्याची मोहीम तिथे उभी राहिली आणि तिने तोतोरोचेच नाव घेतले. पुढच्या वर्षी पहिला तुकडा विकत घेतला गेला, आणि आज असे पन्नासहून अधिक तुकडे राखले आहेत. कापराच्या झाडाला बांधलेला जाड दोर आणि खालची लहानशी देवळी पाहून मराठी वाचकाला देवराईची आठवण येणे साहजिक आहे. झाड देवाचे आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

मेईची आणि तोतोरोची पहिली भेट कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सात्सुकी शाळेत गेली आहे आणि वडील टेबलाशी काम करत बसले आहेत. मेई त्यांच्या टेबलावर एकेक फूल आणून ठेवते आणि तुम्ही फुलवाले व्हा असे सांगते. मग डबा खायची वेळ झाली का विचारते, आणि वडील म्हणतात, इतक्यात? मुलांची सकाळ किती लांब असते हे एवढ्या एका प्रश्नोत्तरात आले. नंतर ती बागेत एकटी फिरते, डबक्यातली बेडकाची शेपटीवाली पिल्ले पाहते, बूड नसलेली बादली उचलून तिच्यातून दुर्बिणीसारखी बघते, आणि त्या गोल भोकातून तिला गवतात पडलेली बी दिसते. ती उचलते, पुढे दुसरी दिसते, मग तिसरी. त्या बियांच्या मागे एक अर्धपारदर्शक इवलासा प्राणी चाललेला असतो. त्याच्या पाठोपाठ झुडपांच्या बोगद्यातून रांगत ती झाडाच्या ढोलीत पडते, ती थेट एका झोपलेल्या अवाढव्य पोटावर. यात कुठेही 'आता जादू सुरू होत आहे' अशी घंटा वाजत नाही. फूल, बेडूक, बादली, बी आणि तोतोरो ही एकाच माळेतली मण्यांची ओळ आहे, आणि मुलाच्या लेखी त्यांतला शेवटचा मणी पहिल्यापेक्षा अधिक अशक्य नसतो.

पोटावर पडल्यापडल्या ती त्याला नाव विचारते. तो जांभईसारखी डरकाळी फोडतो. मेईला त्यात 'तोतोरो' ऐकू येते. खरे तर तिला 'तोरोरु' म्हणायचे असते, म्हणजे परीकथांतला 'ट्रोल' नावाचा राक्षस, त्याचा जपानी उच्चार. तो तिला नीट म्हणता येत नाही. नंतर सात्सुकी तिला विचारतेही, चित्रांच्या पुस्तकातला तो राक्षस का? जगभर ज्या नावाची बाहुली विकली जाते, ते नाव म्हणजे चार वर्षांच्या मुलीचा बोबडा उच्चार आहे. माझी भाची त्याला 'तोतोलो' म्हणायची. बोबड्याचाही बोबडा.

भेटीनंतर जे घडते ते मला त्या भेटीहून महत्त्वाचे वाटते. मेई झुडपात झोपलेली सापडते, ती तोतोरोची हकीगत सांगते, दाखवायला नेते, पण वाट सापडत नाही. सात्सुकी आणि वडील हसतात. मेई रडवेली होऊन म्हणते की मी खोटे बोलत नाही. लगेच वडील हसू आवरून सांगतात की तू खोटे बोलतेस असे आम्हाला वाटतच नाही, तुला या रानाचा राजा भेटला असणार, आणि असे भाग्य रोज मिळत नाही. मग ते दोघींना त्या झाडापाशी घेऊन जातात आणि तिघेही ओळीने उभे राहून झाडाला वाकून नमस्कार करतात. वडिलांना तोतोरो दिसलेला नाही आणि पुढेही कधी दिसत नाही. ते मुलीची समजूत काढत नाहीत, तिची परीक्षाही घेत नाहीत, नुसते तिच्या बाजूला उभे राहतात. मुलांच्या कितीतरी चित्रपटांत मोठी माणसे मूर्ख तरी असतात किंवा अडथळा तरी. इथे वडील थोडे वेंधळे आहेत, मुलीचा डबा करायला विसरतात, छत्री घरी ठेवून जातात, पण मुलाचा शब्द खाली पडू देत नाहीत.

छत्री विसरली, म्हणून बसथांब्याचा प्रसंग घडतो. या चित्रपटाचे सगळे रहस्य एका ठिकाणी पाहायचे असेल तर हाच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. संध्याकाळची वेळ आहे, पाऊस पडतो आहे. दोघी बहिणी वडिलांची छत्री घेऊन थांब्यावर उभ्या आहेत. बस येते, वडील तिच्यातून उतरत नाहीत, बस निघून जाते. अंधार पडतो. थांब्यावरचा दिवा लागतो. मेई पेंगू लागते, सात्सुकी तिला पाठीवर घेते. एक बेडूक संथपणे रस्ता ओलांडतो. पाऊस पडतच राहतो. छत्रीच्या कडेखालून सात्सुकीला आधी फक्त नखे असलेली दोन मोठी पावले दिसतात, आणि मग तिच्या शेजारी डोक्यावर एक पान ठेवून भिजत उभा असलेला तोतोरो. ती वडिलांची छत्री त्याला देते. छत्री कशासाठी असते हे त्याला ठाऊक नाही. झाडावरून दोन थेंब टपकन तिच्यावर पडतात, त्याच्या अंगावर काटा येतो, तो आवाज त्याला इतका आवडतो की तो सगळे बळ एकवटून उंच उडी मारतो आणि धाडकन खाली येतो, त्यासरशी रानातल्या सगळ्या झाडांवरचे पाणी एकदम कोसळते.

उडीपर्यंतच्या या प्रसंगात कित्येक मिनिटे काहीही घडत नाही. जो हिसाइशी यांचे संगीतही तिथे अगदी विरळ, मोजक्या सुरांचे आहे, बाकी पावसाचाच आवाज. अशा रिकाम्या जागेला जपानी भाषेत 'मा' असा शब्द आहे. मियाझाकी यांनी २००२ मध्ये अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्ट यांच्याशी बोलताना तो समजावून सांगितला होता. त्यांनी काही टाळ्या वाजवल्या आणि दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ तो 'मा' असे सांगितले. आपल्याकडे गाणे ऐकणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन मात्रांच्या मध्ये तबलजीने सोडलेली जागा आणि समेवर येण्याआधी श्रोत्यांनी धरलेला श्वास यांत तीच गोष्ट आहे. मुलांच्या चित्रपटांत मात्र निर्मात्यांना रिकाम्या जागेची धास्ती वाटते. मूल कंटाळेल म्हणून ते प्रत्येक क्षण आवाजाने आणि हालचालीने भरून काढतात, आणि भरलेल्या ताटावर आणखी वाढत राहिले की मूल जसे तोंड फिरवते तसेच होते.

मी पाहिलेले एवढेच सांगतो. या प्रसंगी माझी भाची सोफ्यावरून उतरून टीव्हीपासून दोन हातांवर जाऊन उभी राहिली. बसली नाही, उभी राहिली, जशी पडद्यावरची सात्सुकी उभी होती. पहिली बस रिकामी गेली तेव्हा तिने माझ्याकडे वळून पाहिले, पण विचारले काही नाही. पुढचा सगळा वेळ ती वाट पाहत होती, आणि वाट पाहणे हे त्या वयाच्या मुलाला आपल्यापेक्षा फार चांगले ठाऊक असते. आई कामावरून येण्याची, कुकरची शिट्टी होण्याची, पाऊस उघडण्याची वाट पाहण्यातच त्यांचा निम्मा दिवस जातो. तोतोरोने उडी मारली आणि पाणी कोसळले, तेव्हा तिनेही उडी मारली.

यानंतर येणारी मांजरबस हा सगळ्यात अतरंगी भाग आहे. ती मांजरही असते आणि बसही. तिचे डोळे हेच दिवे, कपाळावर गावाचे नाव लिहिलेली पाटी, आत केसाळ बैठका, आणि पोटाखाली ओळीने इतके पाय की व्हिएतनाममध्ये सापडलेल्या एका मखमली किड्याच्या जातीला संशोधकांनी २०१३ मध्ये तिच्यावरून 'तोतोरो' हे शास्त्रीय नाव देऊन टाकले. तिचे रुंद हसू मला जरा भीतिदायक वाटते, हे कबूल करतो. मुलांना वाटत नाही.

भीतीचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू, कारण हा चित्रपट गोडगोड असल्याचा जो समज आहे तो अर्धवट आहे. त्याच्या मुळाशी एक मोठी भीती आहे, आई घरी परत येईल का ही. मियाझाकी यांचा जन्म १९४१ चा. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईला मणक्याचा क्षयरोग झाला होता आणि कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. चित्रपटातल्या रुग्णालयाचे नाव त्या भागातल्या क्षयरोग्यांच्या एका खऱ्या रुग्णालयावरून बेतलेले आहे. मात्र आईला काय झाले आहे हे चित्रपटात कोणीही उच्चारत नाही, कारण मेईलाही ते कोणी सांगितलेले नाही. तिच्याएवढेच प्रेक्षकाला कळते.

शेवटच्या भागात रुग्णालयातून तार येते. शनिवारी घरी येणारी आई सर्दीमुळे येऊ शकणार नाही असे कळते. इथे दोन बहिणींतला फरक उघडा पडतो. मेई हट्ट करते, रडते. सात्सुकी आजवर घर सांभाळत आली आहे, सकाळी उठून स्वयंपाक करते, डबे भरते, बहिणीची वेणी घालते. तीही तिच्यावर ओरडते, आणि मग आजीपुढे हमसून हमसून रडते, कारण आई मेली तर काय हा प्रश्न तिने एकटीने मनात दाबून ठेवलेला असतो. गंमत म्हणजे मूळ आराखड्यात या दोघी नव्हत्याच, एकच मुलगी होती. पुढे तिच्या दोन केल्या, आणि नावेही एकाच अर्थाची ठेवली. सात्सुकी हे मे महिन्याचे जुने जपानी नाव आणि मेई म्हणजे इंग्रजीतला मे. चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर बसथांब्यावर उभी असलेली ती मूळची एकटी मुलगी अजूनही दिसते, आणि ती धड सात्सुकीही नाही, धड मेईही नाही. एकीच्या दोन केल्यामुळे चित्रपटाला मोठे धन मिळाले. जी रडते तिच्यात धाकट्या मुलाला आपण दिसतो, आणि जी रडू आवरते तिच्यात थोरल्याला.

मेई आजीच्या शेतातले मक्याचे कणीस छातीशी धरून आईकडे निघते, कारण शेतातले ताजे खाल्ले की आई बरी होईल असे तिला वाटते. ती वाट चुकते. तळ्यात लहान मुलीची एक चप्पल सापडते आणि गावकरी बांबू घेऊन पाणी ढवळू लागतात. आजी हात जोडून पुटपुटत बसली आहे. सात्सुकी धावत येते, चप्पल पाहते आणि सांगते की ही मेईची नाही. या क्षणाची लांबी मला फार अचूक मोजलेली वाटते. मोठा माणूस त्या चपलेवरून काय समजतो आणि मूल काय समजते, यांत मोठे अंतर असते. माझ्या घशात आवंढा आला होता. भाचीला एवढेच कळले की चप्पल दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि मेईच्या पायात तिची तिची आहे. भीती मुलापासून लपवलेली नाही, पण ती ज्याला जेवढी पेलते तेवढीच त्याच्या ताटात पडते. त्याआधी एका रात्री वाऱ्याने घर खडखडते, तेव्हा खाली जाळ घालून तापवलेल्या काहिलीसारख्या हौदात बसलेले बाप-लेकी भीती घालवायला मोठमोठ्याने खोटे खोटे हसू लागतात आणि हसता हसता खरेच हसतात. असला उपाय घरी करून पाहता येतो.

हे सगळे पडद्यावर येणे मुळात सोपे नव्हते. खेड्यातल्या दोन मुली आणि एक मुका प्राणी यांच्यावर पैसा लावायला कोणी उत्सुक नव्हते. अखेर इसाओ ताकाहाता यांच्या 'होतारु नो हाका' या युद्धकाळातल्या दोन अनाथ भावंडांच्या चित्रपटाबरोबर एकाच तिकिटात दोन चित्रपट, अशा जोडीने तो प्रदर्शित झाला. ज्यांना आधी तोतोरो आणि नंतर ती भावंडे पाहायला मिळाली, ते कोणत्या मनःस्थितीत घरी गेले असतील याची कल्पना केलेली बरी. तिकीटबारीवर जोडी फारशी चालली नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट म्हणून 'किनेमा जुम्पो' या जुन्या नियतकालिकाने तोतोरोची निवड केली, पण तो खरा घरोघरी पोहोचला तो टीव्हीवर दाखवला गेल्यावर आणि पुढे मऊ बाहुल्या निघाल्यावर. आज हा चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओ जिब्लीच्या बोधचिन्हात तोतोरोच बसला आहे. जाहिरातीची ओळ लिहिणारे शिगेसातो इतोई यांनी आधी असे लिहिले होते की हा विचित्र प्राणी आता जपानमध्ये उरलेला नाही, बहुधा. मियाझाकी यांनी ती फिरवून घेतली. हा विचित्र प्राणी अजूनही जपानमध्ये आहे, बहुधा. इतोई यांना पुढे वडिलांच्या पात्राचा आवाजही द्यावा लागला, आणि त्यांचा तो थोडा अघळपघळ, अभिनय न येणारा आवाज त्या पात्राला चपखल बसला आहे.

मेई सापडते. मांजरबस दोघींना रुग्णालयाबाहेरच्या झाडावर नेऊन बसवते. खिडकीतून आई-वडील बोलताना, हसताना दिसतात. मुली आत जात नाहीत. खिडकीच्या कठड्यावर कणीस ठेवून निघून जातात, त्याच्या सालीवर 'आईसाठी' असे कोरलेले असते. मराठी चित्रपटात असे झाले असते तर प्रेक्षकांनी आरडाओरडा केला असता. एवढे जिवावरचे संकट सोसून पोरी आईला मिठी मारत नाहीत? पण आई हसते आहे हे त्यांनी पाहिले, आणि त्यांना हवे होते ते एवढेच.

ती मिठी चित्रपट संपल्यावर येते, श्रेयनामावली चालू असताना, स्थिर चित्रांत. आपण त्या वेळी रिमोट शोधत असतो. भाचीने मला तो कधी दाबू दिला नाही. आई मोटारीतून घरी येते, मुली तिला बिलगतात, तिच्याबरोबर आंघोळ करतात, आणि एका चित्रात ती दोघींच्या मध्ये पडून पुस्तक वाचून दाखवते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीन बोकड आहेत. पुलाखालच्या राक्षसाला फसवून पलीकडे जाणाऱ्या बोकडांची ती नॉर्वेची लोककथा, आणि त्या पुलाखाली जो बसलेला असतो, तो ट्रोल.